अंगुलीसंधिमुक्त : सांधा बसविल्यानंतरची चिकित्सा

दिवाळी आटोपली, भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या आणि धानाची कापणी उरकत आली, की भंडारा जिल्ह्यातील बहुतेक चिकित्सालयांत एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण दिसू लागतात. कबड्डीच्या पकडीत बोट निखळलेला तरुण, बैलाने हिसका दिल्यामुळे हाताभोवतीचा कासरा आवळून बोट वाकडे झालेला शेतकरी, मळणीयंत्राजवळ पडून तळहातावर आदळलेली मजूर स्त्री. शंकरपटावर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित राज्यकायदे वैध ठरविले. त्यानंतर पट पुन्हा भरू लागले आणि त्याबरोबर कासऱ्याच्या दुखापतीही आल्या. मोहाडी, आंधळगाव व पवनी या भागांतील कोसा विणणाऱ्या कारागिरांचा किंवा भंडाऱ्यातील पितळी भांडी घडविणाऱ्यांचा विचार केला, तर एका बोटाचा ताठरपणा हा त्यांच्या रोजगाराचाच प्रश्न होतो.

ही व्याधी किरकोळ समजली जाते. रुग्ण स्वतःच किंवा सोबतचा खेळाडू बोट ओढून ‘बसवतो’, दुसऱ्या दिवशी गावातील हाडवैद्याकडे मालीश होते, बांबूच्या काड्या लावून बोट सरळ बांधले जाते आणि दीड-दोन महिन्यांनी काड्या निघतात तेव्हा बोट वाकत नाही. आपल्याकडे रुग्ण येतो तो बहुधा या टप्प्यावर. त्या वेळी दोष सांधा बसविणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात सांधा अनेकदा योग्य बसलेला असतो आणि बिघाड होतो तो पुढील सहा आठवड्यांत. प्रस्तुत लेखाचा भर म्हणूनच सांधा बसविण्यावर कमी आणि त्यानंतरच्या चिकित्सेवर अधिक आहे.

सुश्रुतांचा अंगुलीविषयक स्वतंत्र आदेश

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त व कांडभग्न असे दोन विभाग केले आहेत. संधिमुक्ताचे उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त व तिर्यक्क्षिप्त असे सहा प्रकार सांगितले आहेत. प्रसारण, आकुंचन इत्यादी क्रियांची अशक्ती, तीव्र वेदना आणि स्पर्श सहन न होणे ही त्यांची सामान्य लक्षणे होत. या सहा नावांना आधुनिक वर्गीकरणाशी एकास एक जुळविण्याची हौस अनेक लेखांत दिसते. तिचा चिकित्सेला फारसा उपयोग नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अपवाद उत्पिष्टाचा. दोन्ही बाजूंस सूज आणि विशेषतः रात्री वाढणारी वेदना हे त्याचे लक्षण, आणि ‘पिष्ट’ या शब्दातील चुरडण्याचा अर्थ, हे दोन्ही वाचले की सांध्याच्या पृष्ठभागाचाही भंग झाला असावा ही शंका वैद्याच्या मनात यावीच. बोटाच्या बाबतीत ही शंका सर्वांत महत्त्वाची आहे.

शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्रत्येक अंगुलीत तीन आणि अंगुष्ठात दोन सांधे मोजले आहेत आणि ते कोर प्रकारचे, म्हणजे बिजागरीप्रमाणे एकाच पातळीत चालणारे, सांगितले आहेत. त्याच अध्यायात नौकेच्या फळ्या बंधनांनी घट्ट आवळल्यावर ती भार वाहते, त्याप्रमाणे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करतो, असा दृष्टान्त आहे. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या बिघाडाने होते त्याहून अधिक हानी स्नायूच्या बिघाडाने होते, असेही तेथे सांगितले आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. व्यवहारातील मराठीत आपण मांसपेशीला स्नायू म्हणतो. संहितेतील स्नायू म्हणजे सांध्यास बांधणारा दोर. रुग्णाशी बोलताना हा घोटाळा नेहमी होतो. या लेखात हा शब्द संहितेच्या अर्थानेच वापरला आहे.

बोट निखळते तेव्हा अस्थी केवळ जागा सोडते. तुटतात ते हे दोर. अस्थी क्षणात जागेवर येते, दोर सांधण्यास आठवडे लागतात. हे एकदा ध्यानी आले की पुढील सर्व चिकित्सा आपोआप उलगडते.

चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्नाचे सामान्य उपक्रम आंछन, पीडन, संक्षेप व बंधन या क्रमाने येतात आणि बंधनासाठी मधूक, उदुंबर, अश्वत्थ, पलाश, अर्जुन, वंश, सर्ज, वट यांच्या कुशा सांगितल्या आहेत. मात्र अंगुलीपाशी आल्यावर संहिताकार वेगळे बोलतात. भग्न झालेली वा निखळलेली अंगुली सम स्थितीत आणावी, बारीक पट्टाने वेढावी व तिच्यावर घृताचा सेक करावा, एवढाच त्यांचा आदेश आहे. त्या स्थळी कुशेचा उल्लेख नाही. मांडी, पोटरी, बाहू यांसाठी सांगितलेली जाड कुशा आणि दीर्घ बंधन बोटाला लावणे ही संहितेतील पद्धत नव्हे, ती नंतरची सवय आहे. बारीक पट्ट आणि स्निग्धता या दोन गोष्टींत पुढच्या सर्व विचाराचे बीज आहे. आजची अस्थिचिकित्साही साध्या, स्थिर अंगुलीसंधिमुक्तात शेजारच्या बोटाशी हलके बांधून लवकर हालचाल सुरू करण्याचाच सल्ला देते.

हात लावण्यापूर्वी

बोटाच्या मधल्या सांध्याचे संधिमुक्त सर्वांत अधिक आढळते आणि त्यात पुढचे हाड बहुतेक वेळा हाताच्या पाठीकडे सरकते. असा रुग्ण समोर आल्यावर प्रथम अंगठी काढावी. सूज वाढल्यावर ती निघत नाही आणि बोटाचा रक्तप्रवाह अडतो. निघत नसेल तर दोरा गुंडाळून काढावी किंवा कापावी; सोन्याचा मोह धरू नये. मग बोटाच्या टोकाचा रंग, उष्णता व दोन्ही कडांची स्पर्शसंवेदना तपासून नोंदवावी. ही नोंद सांधा बसविण्यापूर्वी व नंतर अशी दोनदा हवी.

क्ष-किरण चित्र दोन दिशांनी काढावे आणि त्यांपैकी एक त्या एकट्या बोटाचे, नेमके बाजूने घेतलेले असावे. संपूर्ण पंजाच्या चित्रात बोटे एकमेकांवर येतात आणि मधल्या पेराच्या तळाचा लहान तुकडा दिसत नाही. सांधा बसविल्यानंतर पुन्हा चित्र घ्यावे. बसलेल्या सांध्याच्या बाजूच्या चित्रात दोन हाडांमधील रेषा समांतर दिसली पाहिजे. वरच्या बाजूस इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट दिसली, तर सांधा पूर्ण बसलेला नाही. भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि तुमसर व साकोली येथील उपजिल्हा रुग्णालये एवढ्या चित्रासाठी पुरेशी आहेत. खर्चाचे निमित्त करून ते टाळण्यात रुग्णाचे हित नाही.

पुढील रुग्णांना आपल्या चिकित्सालयात ओढाताण न करता अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे : त्वचा फाटून सांधा उघडा पडलेला, मुळाच्या सांध्यात निखळलेले बोट, विशेषतः तळहाताच्या बाजूस त्वचा खळीसारखी आत ओढली गेलेली असल्यास, तळव्याच्या बाजूस सरकलेले किंवा पिळवटलेले बोट, मधल्या पेराच्या तळाच्या पृष्ठभागाचा सुमारे चाळीस टक्क्यांहून मोठा भाग तुटलेला, एका सौम्य प्रयत्नात न बसणारा सांधा, आणि तीन आठवड्यांहून जुना संधिमुक्त. वाढत्या वयाच्या मुलांत संधिमुक्तासारखे दिसणारे वैरूप्य पुष्कळदा हाडाच्या वाढीच्या थराचा भंग असते, म्हणून तेथेही चित्राआधी हात लावू नये. कासऱ्याने बोट ओरबाडले गेले असेल तर सांध्याकडे पाहण्यापूर्वी त्वचा व रक्तवाहिन्या पाहाव्यात. वरून साधे वाटणारे हे बोट काही तासांत काळवंडू शकते.

मुळाच्या सांध्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण तेथे आंछनानेच अपाय होतो. सरळ जोरात ओढले की तळव्याकडील जाड स्नायुपट्ट दोन हाडांच्या मध्ये शिरतो आणि एरवी सहज बसला असता तो सांधा शस्त्रकर्माशिवाय बसेनासा होतो. संहितेत आंछनाबरोबर पीडन सांगितले आहे, त्याचे मर्म येथे दिसते. अतिक्षिप्त अस्थी नुसती ओढून भागत नाही, तिला तिच्या तळापाशी दाब देऊन जागेवर ढकलावे लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय संख्येने आहेत. सहा महिने ते चार वर्षे वयाच्या बालकाची बोटे आघाताचा इतिहास नसता सुजली, तर ‘कुठेतरी लचक भरली’ असे मानून बांधू नये. सिकलसेलची तपासणी करावी. ज्ञात सिकलसेल रुग्णाच्या निखळलेल्या बोटावर बर्फ वा अतिशीत परिषेकही टाळावा, कारण शीताने त्यांच्यातील रक्तवाहिन्या अडण्याची वेदना उफाळू शकते.

पहिला आठवडा

सांधा बसल्यानंतर बोट लगेच बांधून रुग्णास घरी धाडू नये. त्यास स्वतःहून बोट वाकविण्यास व सरळ करण्यास सांगावे. संपूर्ण चालनात सांधा जागेवर राहिला तर तो स्थिर समजावा. सरळ करताना शेवटच्या काही अंशांत तो पुन्हा निसटू पाहत असेल, तर त्यास पूर्ण सरळ होण्यापासून अडवणारी फळी लागते.

याच वेळी एक साधी परीक्षा करावी. बोट टेबलाच्या कडेवर मधल्या सांध्यात काटकोनात वाकवून ठेवावे, मधल्या पेरावर आपले बोट टेकवावे आणि रुग्णास बोट सरळ करण्याचा प्रयत्न करावयास सांगावे. निरोगी बोटात मधल्या पेराला जोर जाणवतो व टोकाचे पेर सैल राहते. मधले पेर दुबळे आणि टोकाचे पेर ताठ झाले, तर पाठीकडील मधली कंडरा तुटली आहे. या रुग्णाचे बोट पहिल्या काही दिवसांत जवळजवळ ठीक दिसते आणि दोन-तीन आठवड्यांनी मधला सांधा वाकलेला व टोकाचा सांधा उलट उचललेला असे वैरूप्य तयार होते. येथे चिकित्सा नेमकी उलट आहे. मधला सांधा सुमारे सहा आठवडे अखंड सरळ ठेवायचा आणि टोकाचा सांधा मोकळा ठेवून तो रोज हलवायचा. ‘लवकर हालचाल’ हा नियम येथे लावला तर बोट कायमचे वाकडे होते.

स्थिर सांध्यास शेजारच्या बोटाशी बांधावे, ते शक्यतो तुटलेला बाजूचा स्नायू ज्या अंगाला आहे त्या अंगाच्या बोटाशी. मध्ये कापसाचा किंवा गॉजचा पातळ थर ठेवावा, नाहीतर घामाने त्वचा कुजते. पट्ट्या पेरांवर घ्याव्यात, सांध्यावर नव्हे. ज्यास फळी लागते त्याचा मधला सांधा सुमारे तीस अंश वाकवून पाठीमागून आधार द्यावा. वाकविण्यास मोकळीक, सरळ होण्यास मर्यादा. दर आठवड्यास ही मर्यादा दहा-दहा अंशांनी कमी करावी.

बंध किती दिवसांनी सोडावा यासंबंधी सुश्रुतांनी ऋतुभेद केला आहे : शीत काळात सात दिवसांनी, साधारण काळात पाच दिवसांनी, उष्ण काळात तीन दिवसांनी. सैल बंधाने सांधा स्थिर होत नाही आणि अतिघट्ट बंधाने त्वचेस शोथ, वेदना व पाक होतो, हे कारणही दिले आहे. मंडईचा हंगाम हेमंतातला, त्यामुळे नियमाप्रमाणे सात दिवस भरतात. बोटाबाबत मात्र पहिला बंध तिसऱ्या दिवशी उघडावा असे सुचवावेसे वाटते. पहिल्या दोन दिवसांची सूज उतरली की तोच बंध सैल पडतो. बंध बदलण्याचा दिवस हा पाहणीचा दिवस आहे. बांधले आणि दीड महिन्याने या असे सांगितले, ही संहितेची रीत नाही.

शोथ व दाह असेपर्यंत न्यग्रोधादी कषायाचा शीत परिषेक करावा. मंजिष्ठा, यष्टिमधू व रक्तचंदन शतधौत घृतात व शालीच्या पिठात कालवून केलेला लेप याच अध्यायात सांगितला आहे. धानाच्या या जिल्ह्यात शालिपिष्टाची उणीव कोणालाच भासू नये. लेप अखंड त्वचेवरच करावा, पातळ करावा आणि वाळून कडक होण्यापूर्वी काढावा, कारण वाळलेला लेप बोटाभोवती कड्यासारखा आवळतो. हात हृदयाच्या वर ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय रुग्णास सांगितला जात नाही. गळपट्टी बांधायची तर हात पोटावर लोंबू न देता छातीशी उंच राहील अशी बांधावी. खांदा व कोपर रोज हलवावयास सांगावे.

या आठवड्यात स्वेदन नको आणि मर्दन तर नकोच. ताज्या स्नायुभंगावर चोळल्याने रक्तस्राव व सूज वाढते आणि पुढे जाड, आखडलेला व्रणवस्तु तयार होतो. गावातील मालिशीवर आपल्या रुग्णांची श्रद्धा असते, ती टीकेने तुटत नाही. ‘तेल लावायचेच आहे, पण पंधरा दिवसांनी आणि मी सांगेन तसे’ असे म्हटल्यास बहुतेक रुग्ण ऐकतात.

दुसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

सुश्रुतांनी वयानुसार काळ दिला आहे. योग्य उपचाराने प्रथम वयात एका महिन्यात, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उत्तर वयात तिप्पट काळात सांधा स्थिर होतो. हा काळ ‘स्थिर’ होण्याचा आहे, ‘बांधून ठेवण्याचा’ नाही. या दोहोंची गल्लत झाल्यानेच साठीच्या शेतकऱ्याचे बोट तीन महिने जखडले जाते. वृद्धाचा, मधुमेह्याचा व वातप्रकृतीचा सांधा लवकर आखडतो. त्याला आधार अधिक काळ द्यावा, पण हालचाल तरुणापेक्षाही जपून आणि नेमाने करून घ्यावी.

स्थिर सांध्यात वेदनेच्या मर्यादेतील हालचाल पहिल्याच आठवड्यात सुरू होते. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी दहा आवर्तने पुरेत : मुळाचा सांधा दुसऱ्या हाताने धरून केवळ मधला सांधा वाकवणे व सरळ करणे, मग मधला धरून केवळ टोकाचा, शेवटी सर्व बोटांची आकडी, अर्धी मूठ व पूर्ण मूठ. दुसऱ्या हाताने बोट ओढून वा दाबून वाकविणे सहा आठवड्यांपर्यंत वर्ज्य समजावे. रुग्णास मोह होतो तो बोट ‘मोडून’ पाहण्याचा, म्हणजे कडकड आवाज येतो का हे पाहण्याचा. त्याला आधीच बजावून ठेवावे.

प्रगती डोळ्यांनी ठरवू नये. मूठ वळल्यावर बोटाचे टोक तळहाताच्या रेषेपासून किती सेंटिमीटर दूर राहते हे मोजपट्टीने मोजावे, आणि सरळ करताना किती अंश उणे राहतात ते कोनमापकाने. ही दोन मापे दर आठवड्यास केसपेपरवर लिहावीत. दोन आठवडे एकाच आकड्यावर अडलेले बोट तज्ज्ञास दाखवावे. मधला सांधा सरळ होण्यात मागे पडत असेल तर वेळ दवडू नये. वाकण्यातील उणीव पुढेही भरून निघते, सरळ होण्यातील उणीव बहुधा राहून जाते.

घृतसेक या काळात खरा उपयोगी पडतो. कोमट घृताची किंवा सिद्ध तेलाची धार पाच-दहा मिनिटे बोटावर धरावी आणि त्यानंतर लगेच व्यायाम करून घ्यावा. स्निग्ध, उष्ण झालेला सांधा कमी दुखतो व अधिक वाकतो. गंधतैलाचा पाठ याच अध्यायाच्या अखेरीस आहे. ते उपलब्ध नसल्यास बलातैल किंवा महानारायण तेल वापरावे. तिसऱ्या आठवड्यानंतर टोकाकडून मुळाकडे हलक्या हाताने अभ्यंग करण्यास हरकत नाही. त्याने सूज ओसरते. अस्थी जोडण्याचे कार्य मात्र या सेकाकडून अपेक्षू नये.

तळहाताच्या भग्नाच्या संदर्भात सुश्रुतांनी सांगितलेला एक क्रम बोटासाठीही उत्तम आहे. हातात प्रथम मृदू पिंड धरावयास द्यावा, नंतर त्याहून कठीण आणि हाताला बळ आल्यावर पाषाण. आज ज्यास क्रमशः वाढता प्रतिकार म्हणतात तो हाच. चौथ्या आठवड्यापासून मळलेल्या कणकेचा गोळा, मग ओल्या मातीचा, सहाव्या आठवड्यानंतर रबरी चेंडू आणि शेवटी नदीकाठचा गुळगुळीत गोटा असा क्रम ठेवल्यास एक पैशाचाही खर्च नाही. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना गोट्यांची काय वाण?

आहाराबाबत अध्यायाच्या आरंभीच लवण, कटू, क्षार, अम्ल, रूक्ष अन्न, मैथुन, ऊन व व्यायाम वर्ज्य सांगून शाली, मांसरस, दूध, घृत, वाटाण्याचे यूष असा बृंहण आहार सांगितला आहे. येथील व्यायामनिषेध हा सर्वांगश्रमाचा आहे, बोटाच्या विहित चालनाचा नव्हे. अल्पाहारी, असंयमी व वातप्रकृती रुग्णाचे भग्न कष्टाने साधते, असेही म्हटले आहे. कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून घरी बसलेला रुग्ण नेमका अल्पाहारी असतो. त्याला लाडू-दुधाचा सल्ला देण्यापूर्वी त्याच्या घरी काय शिजते ते विचारावे. वरणभात, अंडी, जवस, वैनगंगेतली मासळी यांत त्याचे बृंहण होऊ शकते.

औषधी आणि विक्रेते

आभ्यंतर चिकित्सेत लाक्षादी गुग्गुळ प्रमुख. लाक्षा, अस्थिसंहार, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ असा हा पाठ आहे. अडीचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा दुधाबरोबर ही प्रचलित मात्रा. आभा गुग्गुळात बाभूळ, त्रिफळा व त्रिकटू आहेत. पित्तप्रकृती रुग्णास तो बेतानेच द्यावा. अस्थिभंग नसलेल्या साध्या संधिमुक्तात सहा आठवड्यांहून अधिक काळ या कल्पांची आवश्यकता सहसा पडत नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांस गुग्गुळकल्प जपून द्यावेत, गर्भिणीस टाळावेत.

औषधी भांडारांच्या चालकांनी दोन द्रव्यांकडे लक्ष द्यावे. पळस व कुसुमाच्या झाडांवरील लाख आपल्या भागाला परिचित आहे, तरी बाजारात लाक्षा म्हणून पुष्कळदा धुतलेला चपडा येतो. कच्ची लाख पाण्यात उकळली की तांबडा रंग सोडते. चपड्यात तो रंग उरलेला नसतो. दुसरे द्रव्य अस्थिसंहार अर्थात कांडवेल. ‘हाडजोडी’ या नावाने अनेक भिन्न वनस्पती विकल्या जातात. खऱ्या कांडवेलीचे कांड चौधारी असून पेराशी आवळलेले असते. ताजे कांड चाटविल्यास घशाला खाज येते, म्हणून ते तुपात परतून द्यावे. आणि एक विनंती : निखळलेल्या बोटासाठी औषधाच्या पेढीवर थेट येणाऱ्या ग्राहकास तेलाची बाटली देण्याआधी क्ष-किरण चित्र काढले का, एवढा एक प्रश्न विचारावा.

खेळाडू आणि कामकरी

७ डिसेंबर २०२२ रोजी मीरपूर येथे बांगलादेशाविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात क्षेत्ररक्षण करताना रोहित शर्मा यांच्या डाव्या अंगठ्यास दुखापत झाली. सांधा काहीसा निखळला असून टाके पडले, मात्र अस्थिभंग नाही, असे त्यांनीच सामन्यानंतर सांगितले. नागपुरात जन्मलेला हा खेळाडू त्याच सामन्यात नवव्या क्रमांकावर येऊन २८ चेंडूंत नाबाद ५१ धावा करून गेला, आणि आपल्या गावोगावच्या मैदानांवर ‘निखळलेल्या बोटाने खेळता येते’ हा समज दृढ झाला. त्यापुढील भाग मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही. मालिकेतील तिसरा एकदिवसीय सामना आणि नंतरचे दोन्ही कसोटी सामने त्यांना सोडावे लागले. ते पुन्हा उतरले १० जानेवारी २०२३ रोजी गुवाहाटी येथे श्रीलंकेविरुद्ध. मध्ये ३४ दिवस गेले, तेही उत्तम वैद्यकीय देखरेखीत. कबड्डीत तर बोटावर पकडीचा पिळ बसतो. त्यामुळे संपूर्ण वेदनारहित चालन आणि दुसऱ्या हाताच्या जवळपास पकडीचे बळ आल्याशिवाय, म्हणजे साधारणतः सहा आठवड्यांपूर्वी, मैदानावर परतू नये. त्यानंतरही तो हंगाम संपेपर्यंत शेजारच्या बोटाशी पट्टी बांधून खेळावे.

विणकर वा ठठेरा यांची अडचण वेगळी आहे. त्यांना सहा आठवडे काम सोडणे परवडत नाही. स्थिर संधिमुक्तात दहा-बारा दिवसांनी जोडपट्टी ठेवून हलके काम करू द्यावे. धोटा टाकणे चालेल, हातोडा नको. रोवणीच्या दिवसांत चिखलात हात घालणाऱ्या स्त्रियांची पट्टी रोज बदलावी लागेल, म्हणून त्यांना ती बांधण्यास घरच्या माणसासह शिकवून ठेवावे. कासऱ्याची दुखापत झालेल्यास दोर हाताभोवती न गुंडाळता मुठीत धरण्याची सवय लावावी.

रुग्णास आरंभीच सांगावे की सांध्याची जाडी सहा महिने, कधी वर्षभर राहते आणि काहींत थोडी कायमही राहते. हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या महिन्यात तो ‘हाड अजून बाहेरच आहे’ म्हणून दुसऱ्याकडे बोट ओढवून घेण्यास जातो. सकाळचा आखडलेपणा व थंडीतील ठणका कोमट तेलाने आटोक्यात राहतो. लग्नाची अंगठी त्या बोटात पुन्हा जात नसेल, तर वर्ष उलटेपर्यंत थांबून मगच ती सोनाराकडे वाढवून घ्यावी.